अक्षरलेखकाची आवश्यकता

"काका, हे रबर आता रबर राहिलेलं नाही," रेडिओवाले म्हणाले आणि त्यांनी आपलं बोट माझ्यासमोर धरलं. बोटाला काळा चिकटा लागला होता. "वितळून बसलंय सगळं. ह्यात कागद घातलात तर आत जाईल, बाहेर काही यायचा नाही."

"मग?"

"मग काय, खरवडायचं. एखादा चाकू द्या. चांगला नको, जुना द्या."

"जुनंच आहे सगळं," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "चाकू, यंत्र आणि मालक."

जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून तिच्यावर मी प्लॉटर उघडून ठेवला होता. चार दिवसांत टेबल मोकळं करतो असं मी सांगितलं होतं, त्याला आता अकरा दिवस झाले होते, आणि आम्ही दोघं मांडीवर ताटं घेऊन जेवत होतो. रेडिओवाल्यांचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. दुरुस्तीला रेडिओ येणं बंद होऊन वीस वर्षं झाली. आता ते इस्त्र्या, पंखे, मिक्सर, जे येईल ते उघडतात. नाव मात्र तेच राहिलं.

प्लॉटर बऱ्याच जणांनी पाहिलेला नसेल, म्हणून सांगतो. संगणकाला जोडून नकाशे काढायचं हे जुनं यंत्र आहे. छापील कागद बाहेर फेकणाऱ्या यंत्रांसारखं ते नाही. हे पेन धरतं. कडेच्या चक्रात सहा पेनं उभी असतात, त्यांतलं एक उचलून ते कागदापाशी नेतं, टेकवतं, रेघ ओढतं, उचलतं, पुन्हा दुसरीकडे टेकवतं. पेन डावी-उजवीकडे जातं आणि कागद दोन चाकांत धरलेला पुढे-मागे सरकतो. बघत बसलं तर वाटतं कुणीतरी लिहितंय, फक्त हात तेवढा दिसत नाही.

त्या दोन चाकांवर कागद दाबून धरणारी रबरं वितळली होती. रेडिओवाल्यांनी ती खरवडून काढली आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी कापून त्या जागी चढवली. ती इतकी बरोबर बसली की ते स्वतःच दोन मिनिटं बघत राहिले.

"कंपनीनं असंच द्यायला हवं होतं," ते म्हणाले. "पण काका, एक विचारू? हे चालू करून तुम्ही काढणार काय?"

"आमच्या ऑफिसात एक मास्तर होते. त्यांना दाखवायचंय."

"ज्यांना झटका आला ते," बायको बाहेर येत म्हणाली. "ह्यांचे गुरू. उजवी बाजू गेली बिचाऱ्यांची. त्यांचं अक्षर ह्या यंत्रात आहे म्हणे."

"म्हणजे गुरुदक्षिणाच की ही," रेडिओवाले म्हणाले.

मी चष्मा काढून पुसायला घेतला. तो स्वच्छच होता.

*

पाणीपुरवठा खात्याच्या नकाशे विभागात मी तेहतीस वर्षं काढली. लांबट हॉल होता, एका बाजूला मोठ्या खिडक्या, आणि त्यांच्या उजेडात आठ तिरकी टेबलं. शहराच्या पोटातले सगळे नळ आम्ही ट्रेसिंग कागदावर काढायचो. सातजण रेषा काढायचे. आठव्या टेबलावर मास्तर बसायचे, आणि नकाशावरची सगळी अक्षरं ते एकटे घालायचे. रस्त्यांची नावं, टाक्यांची नावं, झडपांचे क्रमांक, कोपऱ्यातलं शीर्षक, सगळं. त्यांच्या हुद्द्याचं नाव होतं अक्षरलेखक. खात्यात असा हुद्दा असलेले ते एकटेच.

मी लागलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. जेवणाच्या सुट्टीत टेबलाखाली पुस्तक धरून वाचायचो, म्हणून मास्तरांनी माझं नाव 'पुस्तक्या' ठेवलं, आणि ते सगळ्या हॉलनं उचललं. ते शिकवायचे कमी, बोलायचे जास्त. "पुस्तक्या, हे अक्षर आहे की दवाखान्यातली रांग? एकेक जण भिंतीला टेकून उभा आहे." मग माझ्या हातातलं पेन काढून घ्यायचे आणि तोच शब्द शेजारी काढायचे. काढताना श्वास धरायचे. शब्द संपला की सोडायचे. चूक झाली तर ब्लेडच्या कोपऱ्यानं शाई अशी खरवडायचे की कागदाला कळायचं नाही. मला ते कधीच जमलं नाही. माझ्या चुकांच्या जागी भोकं पडायची.

मी तिथे असा मधलाच होतो. ना वाईट, ना चांगला. मला अक्षर काढता येत नव्हतं, पण चांगलं अक्षर ओळखता येतं असं मला वाटायचं. ही समजूत मी बरीच वर्षं बाळगली.

मग प्लॉटर आला. मोठ्या खोक्यातून आला आणि बरोबर दोन जाडजूड इंग्रजी पुस्तकं आली. यंत्राला हात लावायला कुणी तयार नव्हतं. मी पुस्तकांना हात लावला, म्हणून यंत्र माझ्या गळ्यात पडलं. मास्तर त्याला 'नवरदेव' म्हणायचे, कारण तो झाकून ठेवलेला असायचा आणि मनधरणी केल्याशिवाय हलायचा नाही. "नवरदेवाचं आज काय बिनसलंय?" असं सकाळी आल्या आल्या विचारायचे.

दीड वर्षं छान चाललं. नवरदेव रेषा काढायचा. त्याला आपली अक्षरं येत नव्हती, म्हणून ती मास्तर घालायचे. मग त्या जाड पुस्तकाच्या शेवटच्या एका प्रकरणात मला दिसलं की यंत्राला हवी ती अक्षरं शिकवता येतात. अक्षर चौकटीच्या कागदावर ठेवायचं आणि पेन कुठे टेकायचं, कुठून कुठे जायचं, कुठे उचलायचं, हे आकड्यांत लिहायचं. वळण असेल तर बारीक बारीक सरळ तुकडे करायचे.

आता माझ्या हातचं अक्षर शिकवण्यात अर्थ नव्हता. मी मास्तरांचं घ्यायचं ठरवलं. त्यांना विचारलं नाही. पूर्ण झालं की दाखवू, चकित होतील, असं मी स्वतःला सांगितलं होतं. ते खरंही असेल. आज मला खात्रीनं सांगता येत नाही.

पाच महिने जेवणाच्या सुट्टीत पुस्तक मिटून मी हेच केलं. सगळी अक्षरं एका जागी मिळतील असा नकाशा शोधत होतो. 'ढ' सापडेना. ऑफिसात होते पुष्कळ, पण नकाशावर नव्हता. शेवटी खुणांची सूची हाती लागली. कुठली खूण म्हणजे काय, ते सांगणारं पत्रक असतं ते. त्यात 'बुजवलेला ओढा' होता. त्या एका पत्रकात सगळी मुळाक्षरं निघत होती. मी त्याची प्रत काढली आणि एका वहीत आकडे भरत गेलो.

एके दुपारी पहिला पूर्ण शब्द उमटला. मी वाकून बघत होतो, आणि माझ्या मागे नवे साहेब उभे होते.

"हे कुणी काढलं?"

"यंत्रानं, साहेब."

"अक्षरंसुद्धा?"

"हो."

"कमाल आहे. मग तसं लिहून द्या मला. अर्धं पान पुरे."

मला म्हणता आलं असतं की साहेब, अजून कच्चं आहे. ही अक्षरं कुणाची आहेत तेही सांगता आलं असतं. मोठ्या माणसांसमोर माझी जीभ टाळ्याला चिकटते, हे खरं आहे, पण लिहिताना काही ती मधे येत नाही. मी घरी बसून अर्धं पान लिहिलं. तीनदा लिहिलं. 'उरणार नाही' लिहावं की 'राहणार नाही', यावर बराच विचार केला. शेवटचं वाक्य असं होतं: 'सदर यंत्र कार्यान्वित झाल्यावर स्वतंत्र अक्षरलेखकाची आवश्यकता राहणार नाही.' वाक्य चांगलं जमलं म्हणून मला आनंद झाला होता. तो आनंद मला अजून आठवतो. बाकीचं एक वेळ मी माफ करीन स्वतःला, तो नाही.

पुढच्या महिन्यात मास्तरांची बदली तळघरातल्या अभिलेख कक्षात झाली. जुने नकाशे गुंडाळायचे, त्यांना क्रमांक द्यायचे, मागतील तेव्हा काढून द्यायचे. निवृत्तीला नऊ वर्षं होती. जाताना त्यांनी टेबल पुसलं, आपली पेनं रुमालात गुंडाळली, आणि माझ्यापाशी येऊन म्हणाले, "नवरदेवाला सांभाळ रे." त्यात टोमणा नव्हता. कदाचित म्हणूनच ते मला जास्त लागलं.

त्या नऊ वर्षांत मी तळघरात उतरलो नाही. नकाशांच्या गुंडाळ्या जिन्याच्या तोंडाशी शिपायाच्या हातात द्यायचो. नंतर सगळी कामं नव्या यंत्रांवर गेली, प्लॉटर भंगारात निघाला, आणि मी तो उचलून घरी आणला. माळ्यावर ठेवला. का आणला, तेव्हा विचारलं असतंत तर सांगता आलं नसतं.

*

दोन महिन्यांपूर्वी मास्तरांच्या मुलीचा फोन आला. ती आता पन्नाशीची असेल. तिनं माझा नंबर कुठूनसा शोधला होता.

"काका, एक विचारायचं होतं. तुमच्याकडे बाबांच्या अक्षरातलं काही आहे का?"

"तुमच्याकडे असेल की."

"एक कागद नाही. घरी ते वाणसामानाची यादीसुद्धा आईकडून लिहून घ्यायचे. म्हणायचे, हात दमलाय. जे काढलं ते सगळं ऑफिसात. मी तिकडे गेले होते, ते म्हणाले जुने नकाशे रद्दीत गेले." ती थांबली. "झटका आल्यापासून डाव्या हातानं लिहायला बघतात. तो थरथरतो. मग पेन फेकून देतात. डोळ्यांसमोर काहीतरी असतं त्यांचं, तर बरं वाटलं असतं."

"बघतो," मी म्हटलं.

सूचीची प्रत केव्हाच हरवली होती, पण वही कपाटात पुस्तकांच्या मागे होती. ती मला शोधावी लागली नाही. मास्तरांचं अक्षर आता जगात तेवढ्याच एका जागी उरलं होतं, आणि ते मी चोरून घेतलेलं होतं.

सुनेनं तिचा जुना लॅपटॉप आणि जोडायची वायर दिली. वहीतले आकडे मी पुन्हा टाईप केले. डोळे भरून यायचे, ते म्हातारपणामुळे. प्लॉटरची मूळ पेनं दगडासारखी वाळली होती. त्याऐवजी नकाशाचं एक शाईचं पेन कोमट पाण्यात तीन दिवस भिजवून मोकळं केलं आणि रेडिओवाल्यांनी त्याला यंत्राच्या पकडीत बसेल असं पितळी कडं बसवून दिलं. एका दुपारी बटण दाबलं. यंत्र कण्हलं, पेन उचललं, कागदाशी गेलं आणि 'क' काढला.

"अगंबाई," बायको म्हणाली. "खरंच लिहितंय." मग जरा वेळानं: "मग तुम्ही असे का बसलात?"

एकेचाळीस वर्षांच्या संसारात जे सांगितलं नव्हतं, ते मी तिला तेव्हा सांगितलं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "हे त्यांना सांगणार का नुसतंच यंत्र दाखवून परत येणार?"

"माहीत नाही."

"नुसतं दाखवलंत तर तुम्ही भले ठराल," ती म्हणाली आणि ताटं उचलून आत गेली.

*

मास्तर पहिल्या मजल्यावर राहत होते. रेडिओवाल्यांनी यंत्र वर आणून दिलं आणि दुकान उघडं आहे म्हणून ते परत गेले. खोली लहान होती. पलंग, औषधांचं स्टूल, खिडकीपाशी हातांची खुर्ची आणि खुर्चीत मास्तर. उजवा हात मांडीवर ठेवलेला होता, कुणी विसरून गेल्यासारखा. बोलणं जरा जड झालं होतं, पण शब्द कळत होते.

"पुस्तक्या," ते म्हणाले. "केस कुठे गेले?"

"गेले, मास्तर."

"पुस्तकं?"

"आहेत."

मी यंत्रावरची चादर काढली. ते बराच वेळ बघत राहिले. "नवरदेव," ते म्हणाले. "म्हातारा झाला."

मुलीनं लॅपटॉपसाठी स्टूल रिकामं केलं, बाहेरचं टेबल ओढून खुर्चीसमोर आणलं. मी ट्रेसिंग कागद घातला, वायरी जोडल्या. काय काढायचं ते आधीच ठरवलेलं होतं: मास्तरांचं पूर्ण नाव, आणि त्याखाली 'अक्षरलेखक'.

पेन टेकलं. खोलीत फक्त त्याचा खसखस आवाज होता. मुलगी वडिलांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून वाकली होती. नाव पूर्ण झालं तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. "बाबा," ती म्हणाली, "तुमचं अक्षर."

मास्तर पेनाकडे बघत होते. यंत्र खालची ओळ काढत होतं.

"उलटं काढतंय," ते म्हणाले.

"काय बाबा?"

"रेघ आधी, अक्षर नंतर. टांगतंय एकेक. आधी अक्षरं सगळी काढायची. मग वरून एक रेघ, एका दमात."

मी ते कधी पाहिलंच नव्हतं. म्हणजे शेकडो वेळा समोर पाहिलं होतं, पण आकडे भरताना माझ्यासमोर वाळलेलं अक्षर होतं, काढणारा हात नव्हता. पेन कमी वेळा उचलावं लागेल अशा हिशेबानं मी क्रम लावला होता.

ओळ संपली. त्यांनी डाव्या हातानं भिंग मागितलं. मुलीनं ते धरून दिलं. ते 'क्ष'वर थांबले.

"हा कुठून आणलास?"

"मास्तर..."

"कंपनीनं नाही दिलेला हा. क्षचं पोट असं मी काढतो. बाकी कुणी नाही काढत. कुठून आणलास?"

मला वाटलं होतं, सांगायची वेळ आली की मी काहीतरी प्रस्तावना करीन. काही सुचलं नाही. "खुणांच्या सूचीवरून," मी म्हटलं. "पत्रक क्रमांक चौदा. तुम्हाला न विचारता. सगळी अक्षरं त्यातली घेतली आणि यंत्राला शिकवली. नंतरच्या सगळ्या नकाशांवर तीच होती."

"चौदा?"

"हो."

त्यांनी भिंग बाजूला सारलं. "चौदा नंबर मी अंगठ्याला पट्टी बांधून काढला होता," ते म्हणाले. "ब्लेड लागलं होतं. पेन धरता येत नव्हतं. साहेबांना घाई होती. म्हटलं, आत्ता देतो, मग बदलून देईन. राहून गेलं." थोडं थांबून म्हणाले, "माझ्या जन्मात तेवढं एकच पत्रक वाईट काढलंय मी. एवढ्या नकाशांत तुला तेच सापडलं?"

"त्यात सगळी अक्षरं होती, मास्तर. 'ढ'सुद्धा."

"ढ तर समोरच उभा होता," ते म्हणाले.

मुलगी हसली, आणि मग हसू नये असं तिला वाटलं असावं. मी हसलो नाही. जे पत्रक मी पाच महिने चौकटी लावून बघितलं होतं, ते वाईट आहे हे मला कळलं नव्हतं. चांगलं अक्षर ओळखता येतं, एवढी एकच गोष्ट मी स्वतःच्या नावावर ठेवली होती.

"नऊ वर्षं," मास्तर म्हणाले, "खाली नवरदेवाचे नकाशे गुंडाळले मी. बघायचो. म्हणायचो, कारखान्यात ज्यानं कुणी ही अक्षरं बसवली त्याचा हात आखडलेला आहे. कीव यायची त्या माणसाची." ते खिडकीकडे बघत होते. "शिपायाला दाखवायचो. हे बघ, कसा ताठलाय, म्हणायचो. माझ्याच अक्षराला नावं ठेवत होतो रे."

"बाबा, जाऊ दे," मुलगी म्हणाली.

"आणि मला वाटायचं, मला खाली घातलं ते त्या चौदा नंबरमुळेच."

मुलीनं मान वर केली.

"तसंच वाटायचं," ते म्हणाले. "खराब काम दिलं, साहेबांनी बघितलं, म्हणून. बदलून द्यायला हवं होतं. हिच्या आईलाही तेच सांगितलं. माझ्या हातून चूक झाली म्हणून."

"मी शाळेत शेवटच्या वर्षाला होते," मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली. "आई सांगायची, बाबांना काही विचारू नका, त्यांच्या हातून काहीतरी झालंय."

आता थांबता येत नव्हतं. "पत्रकामुळे नाही," मी म्हटलं. "साहेबांनी मला लिहून द्यायला सांगितलं. मी दिलं."

"काय लिहिलंस?"

"मास्तर, आता ते..."

"काय लिहिलंस ते सांग."

मला ते पाठ होतं. सांगताना माझा आवाज शाळेत धडा म्हणताना यायचा तसा आला. "सदर यंत्र कार्यान्वित झाल्यावर स्वतंत्र अक्षरलेखकाची आवश्यकता राहणार नाही."

मास्तरांचे ओठ हलले. ते वाक्य मनाशी काढून बघत होते असं मला वाटलं.

"कार्यान्वित," ते म्हणाले. "काढायला अवघड शब्द."

मुलीनं खुर्चीच्या पाठीवरचा हात केव्हा काढून घेतला ते मला कळलं नाही. ती पलंगाच्या कडेला बसली होती. मी आल्यावर तिनं चहाचं आधण ठेवलं होतं. ते आत उकळत असल्याचा आवाज येत होता आणि कुणी उठत नव्हतं.

"मी माफी मागायला..." मी सुरुवात केली.

"वही आणलीस का? आकड्यांची?"

मी पिशवीतून वही काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी डाव्या हातानं पानं उलटली. पानंच्या पानं आकडे. "ह्यात अक्षर कुठे आहे?"

"आकड्यांतच आहे."

"मला दिसत नाही," ते म्हणाले. त्यांनी वही मिटली आणि मुलीकडे दिली. "ही इथे राहू दे. आपली आहे." मुलीनं ती दोन्ही हातांनी घेतली आणि आत नेऊन ठेवली. गॅसही तिनं तेव्हाच बंद केला असावा. आवाज थांबला.

ती परत आल्यावर मास्तर म्हणाले, "हा कागद काढ. दुसरा घाल."

मी दुसरा घातला. त्यांनी यंत्राच्या पुढच्या कळांकडे बोट केलं. "हे बाण कशाला?"

"हातानं पेन सरकवायला. कागद जुळवताना लागतात."

"रेघ निघते?"

"पेन टेकवलेलं असलं तर निघते. पण सरळच. वळण घेता येत नाही, मास्तर. अक्षर नाही निघायचं."

"अक्षर मी कुठे मागितलं?"

मी टेबल आणखी पुढे ओढलं. त्यांनी डावा हात उचलला. तो इतका थरथरत होता की अंगठा दोनदा कळेच्या बाजूला पडला. मुलगी हात धरायला पुढे झाली, त्यांनी मानेनं नको म्हटलं. तिसऱ्यांदा अंगठा उजव्या बाणावर बसला.

"टेकव," ते मला म्हणाले.

मी पेन टेकवायची कळ दाबली.

पेन निघालं. अंगठा कळेवर थरथरत होता, मनगट थरथरत होतं, खुर्चीचा हात लटलटत होता, आणि कागदावर डावीकडून उजवीकडे एक रेघ जात होती, कुठेही न हलता. मास्तरांनी श्वास धरला होता. त्यांची छाती भरलेली तशीच राहिली होती, आणि गालावरची एक शीर उडत होती. रेघ मधोमध आली, पुढे गेली, कागदाच्या उजव्या कडेला दोन बोटं जागा राहिली तिथे यंत्राची हद्द संपली आणि पेन थांबलं.

त्यांनी अंगठा काढला आणि श्वास सोडला.

आम्ही तिघं बघत होतो. सगळ्या कागदावर वरून ओढलेली ती एक रेघ होती, आणि तिच्याखाली काही नव्हतं.

"बाबा, खाली काय लिहायचं?" मुलीनं हळूच विचारलं.

मी पेन उचललं आणि कागद काढायला हात पुढे केला.

"थांब," मास्तर म्हणाले. "शाई वाळू दे."

मी हात मागे घेतला.